किचन लाइनवरचं पदलालित्य: डिंकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकलबॉल, म्हणजे पॅडल नावाच्या छोट्या चपट्या बॅटने नेटवरून बॉल खेळायचा खेळ. तो नव्याने खेळू लागलेल्यांना पहिले पंधरा दिवस ‘डिंक’ म्हटलं की लाडूच आठवतात. मग कळतं, की नेटजवळून अगदी हलक्या हाताने सोडलेला आणि समोरच्याच्या किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या सात फुटांच्या पट्ट्यात, टप्पा पडणारा बॉल म्हणजे डिंक. आणखी महिन्याभराने कळतं, की तो दिसतो तितका सोपा नाही.

मी ठाण्यातल्या एका सोसायटीच्या कोर्टवर सकाळी साडेसहाच्या बॅचला शिकवते. त्याआधीची पंचवीस वर्षं बॅडमिंटनमध्ये गेली. बॅचमध्ये डिंकबद्दल जे जे विचारलं जातं, त्यातलं पायांशी संबंधित असलेलं सगळं इथे एकत्र केलं आहे. उत्तरं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलटी करून वाचावं, त्यांना त्याची सवय असतेच.

डिंक तर हलक्या हाताचा फटका. त्यात पायांचा काय संबंध?

आमच्याकडे एक काका येतात, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा डिंक हमखास उठायचा. बॉल नेटच्या वर हातभर चढायचा आणि समोरचा तो आरामात खाली ठोकायचा. काकांनी तीनदा ग्रिप बदलली, मग पॅडल बदललं. शेवटी एका सकाळी मी त्यांच्या हातातलं पॅडलच काढून घेतलं. नेटच्या पलीकडून मी एकेक बॉल खालच्या हाताने टाकणार आणि त्यांनी तो एका टप्प्यानंतर दोन्ही हातांनी, पोटासमोर पकडायचा, एवढंच काम. दहापैकी चार पकडले. उरलेले सहा एका हाताने, बाजूला झुकून किंवा कमरेत मोडून घेतले, दोन तर निसटलेच. हेच सहा बॉल पॅडल हातात असताना उठत होते.

कारण साधं आहे. बॉल शरीरासमोर असला की खांद्यातून थोडीशी ढकल पुरते, मनगट गप्प राहतं. तो बाजूला किंवा मागे राहिला की हात ताणावा लागतो आणि ताणलेल्या हाताला हलकं खेळता येत नाही. मग मनगट मध्ये पडतं आणि बॉल चमच्याने उडवल्यासारखा वर जातो. दुसरी गोष्ट म्हणजे, धावता धावता मारलं तर शरीराचा वेग पॅडलमधून बॉलला मिळतो. स्मॅशमध्ये तो कुणाच्या लक्षात येत नाही. डिंकला मात्र एका किचनच्या लाइनपासून दुसऱ्या किचनच्या लाइनपर्यंत मिळून जेमतेम १४ फूट मिळतात. तिथे तेवढा जास्तीचा वेगही भारी पडतो.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: बॉलच्या आधी पोचा, मारताना थांबलेले असा आणि मारून झाल्यावर लगेच हला. बहुतेक जण याच्या नेमकं उलटं करतात. बॉल येईपर्यंत उभे राहतात, मारताना धावतात आणि मारून झालं की आपला डिंक कसा पडला ते बघत थांबतात.

पकडापकडीचा तो खेळ आजही आमच्या बॅचची सुरुवात असतो. दहापैकी आठ बॉल दोन्ही हातांत आले की पॅडल मिळतं.

किचन लाइनच्या किती जवळ उभं राहायचं?

बुटाचं टोक लाइनच्या दोन-तीन इंच मागे. एवढं जवळ उभं राहायची भीती वाटते, म्हणून लोक नकळत दोन फूट मागे सरकतात आणि मग प्रत्येक डिंक पायाशी येऊन पडतो. जवळ असलात तर पुष्कळ बॉल टप्पा पडायच्या आत हवेतच घेता येतात आणि समोरच्याला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

पण ही लाइन नेमकी कुठे आहे, ते आधी बघा. सोसायट्यांमध्ये बहुतेक ठिकाणी बॅडमिंटनच्याच कोर्टवर पिकलबॉल चालतो, कारण दोन्हींची मापं सारखी आहेत, लांबी ४४ फूट आणि रुंदी २० फूट. हा योगायोग नाही. १९६५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला, तो घराच्या आवारातल्या बॅडमिंटनच्या कोर्टवरच. नेट आधी बॅडमिंटनच्याच उंचीवर होतं, मग खाली आलं. आज ते कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच असतं.

गोंधळ होतो तो किचनच्या लाइनचा. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि पिकलबॉलचं किचन सात फुटांचं. म्हणजे बॅडमिंटनचीच लाइन किचन धरून खेळलात, तर अंगाला सहा इंचांची चुकीची सवय लागते. दुसरीकडे स्पर्धेला गेलात की हवेतला बॉल मारताना तेच पाऊल लाइनवर पडतं आणि फॉल्ट. आम्ही रंगीत मास्किंग टेप लावतो. रविवारी मुलं ती उपटतात, सोमवारी आम्ही पुन्हा चिकटवतो.

‘खाली वाका’ म्हणतात, म्हणजे किती?

कबड्डीत चढाईपटू आत आल्यावर बचाव करणारे कसे उभे असतात, ते आठवा. गुडघे वाकलेले, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, पाठ सरळ पण पुढे कललेली, वजन पंजांवर. तेच थोडं कमी खोल. कमरेतून वाकलं की डोकं खाली जातं, नजर बदलते आणि दहा मिनिटांत पाठ बोलायला लागते. उंची गुडघ्यांतून कमी करायची.

टाचा उचलून नाचायचं नाही, फक्त त्यांच्यावर भार नको. बुटाखाली वर्तमानपत्राचा कागद आहे आणि तो कुणीतरी टाचेखालून ओढून नेऊ शकेल, इतपत.

पॅडल छातीसमोर. ते गुडघ्याशी लोंबत ठेवलंत, तर समोरून अचानक जोरात आलेला बॉल थेट पोटात बसेल.

स्प्लिट स्टेप म्हणजे उडी मारायची का?

नाही. टीव्हीवर टेनिसवाले जी उसळी घेताना दिसतात, तेवढी इथे लागत नाही. समोरच्याच्या पॅडलला बॉल लागायच्या क्षणी दोन्ही पाय एकाच वेळी, हलके, जमिनीला टेकलेले असले पाहिजेत. त्याआधी ते जमिनीपासून एखादा इंच सुटले तरी पुष्कळ. तेवढ्याने दोन्ही पायांवर सारखं वजन येतं आणि मग उजवीकडे, डावीकडे, पुढे, कुठेही निघता येतं. एका पायावर वजन असताना बॉल त्याच पायाच्या बाजूला आला, की आधी वजन दुसऱ्या पायावर न्यायचं आणि मगच हलायचं. तेवढ्यात बॉलचा टप्पा पडून गेलेला असतो.

वेळ जुळवायला एक युक्ती आहे, जरा बावळट वाटेल. समोरच्याने मारलं की तोंडाने ‘हां’ म्हणायचं आणि त्या ‘हां’ला पाय टेकवायचे. आमच्या कोर्टवर पहिल्या आठवड्यात इतके ‘हां’ ऐकू येतात, की खाली बाकावर बसलेल्या आजींना एखाद्या लग्नाच्या बैठकीत होकार चाललेत असं वाटतं. दोन आठवड्यांनी आवाज आपोआप बंद होतो आणि पाय चालू राहतात.

बाजूला जाताना पाय सरकवायचे की एकमेकांवरून टाकायचे?

यावर कोर्टवर वाद होतात. खरं तर दोन्ही लागतात, कोणतं कधी ते अंतरावर ठरतं.

एक-दोन पावलांचं अंतर असेल तर सरकायचं. उजवीकडे जाताना डाव्या पायाने जमीन ढकलायची, उजवा पाय बाहेर पडतो, डावा मागोमाग येतो. पाय एकमेकांना भिडत नाहीत आणि एकमेकांवरून जात नाहीत. छाती पूर्ण वेळ नेटकडे. नवख्यांची चूक अशी, की ते बाहेरचा पाय आधी लांब टाकतात आणि त्याच्या मागे शरीर ओढत नेतात. ढकलणारा पाय नेहमी लांबचा असतो. ही एक गोष्ट नीट समजली, की निम्मं काम झालं.

अंतर जास्त असेल, म्हणजे समोरच्याने तिरका डिंक थेट कडेच्या लाइनकडे काढला असेल, तर सरकून पोचणं अवघड. तिरका डिंक जितका लांब जाऊ शकतो तितका सरळ जात नाही. किचनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत साधारण २४ फूट भरतात, शिवाय वाटेत नेट मधोमध दोन इंच खाली असतं. म्हणून जाणकार तिरकंच खेळतात आणि तुम्हाला कोर्टच्या बाहेर खेचतात. अशा वेळी बॅकहँडच्या बाजूला उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकायचा. तेवढ्या एका पावलात तीन-साडेतीन फूट मिळतात आणि उजवा हात आपोआप पुढे जातो. फोरहँडच्या बाजूला मात्र डावा पाय उजव्यावरून टाकू नका, कारण त्याने पाठ अर्धी नेटकडे वळते आणि परतायला जास्तीचं पाऊल लागतं. तिथे शेवटचं पाऊल उजव्याच पायाचं, बाहेर रुंद टाकलेलं. त्याच पायाने जमीन ढकलून परत फिरायचं.

मागून पाय टाकणारेही असतात, म्हणजे एक पाय दुसऱ्याच्या पाठीमागून. काही चांगले खेळाडू ते छान करतात. माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर त्या वाटेला जाऊ नका. पाय अडकून पडलेले मी पाहिले आहेत.

कडेला खेचला गेलो, डिंक मारला. आता परत कुठे यायचं?

मधोमध नाही, जरी पुष्कळांना तसं शिकवलेलं असलं तरी. बॉल जिकडे गेला तिकडे थोडं झुकतं माप द्यायचं. तुम्ही उजव्या कडेवरून समोर सरळ डिंक मारला असेल, तर तो खेळाडू तुमच्यासमोरच आहे आणि तुमच्या कडेची लाइन त्याला सहज मिळेल. म्हणून कडेच्या बाजूलाच राहा. तिरका मारला असेल तर बॉल लांब गेला, तुम्हाला वेळ मिळाला, तेव्हा मध्याकडे दोन पावलं या.

आणि परत येतानाही थांबायची वेळ समोरचा ठरवतो. तो मारायला सज्ज झाला की तुम्ही जिथे असाल तिथे पाय टेकवा, भले एक पाऊल कमी पडलेलं असो. अर्ध्या वाटेवर स्थिर असलेला माणूस बॉल घेतो. जागेवर पोचायच्या हट्टाने धावणारा त्याच बॉलला उलट्या दिशेने गाठू शकत नाही.

किचनमध्ये पाय टाकला की फॉल्ट होतो ना?

होत नाही, आणि हा गैरसमज डिंकचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. टप्पा न पडता, हवेतला बॉल मारताना तुमचा किचनशी किंवा त्याच्या लाइनशी संबंध आला, तरच फॉल्ट. टप्पा पडलेला बॉल घ्यायला खुशाल आत जा. नुसतं आत उभं राहायलाही नियम आड येत नाही. मात्र आत असताना समोरच्याने बॉल थेट अंगावर मारला, तर तो हवेत घेता येणार नाही. त्यामुळे आतला मुक्काम जितका छोटा तितका बरा.

हवेतल्या फटक्याच्या बाबतीत नियम कडक आहे. मारल्यानंतर तोल जाऊन आत पाऊल पडलं तरी फॉल्ट, मग तोवर बॉल मेलेला का असेना. टोपी उडून आत पडली तरी तेच. आधी आत गेला असाल, तर पुढचा बॉल हवेत मारायच्या आधी दोन्ही पाय बाहेरच्या जमिनीला टेकलेले हवेत. एक पाय बाहेर आणि दुसरा वाटेत, हे चालत नाही.

आता पायांचं. नेटच्या अगदी जवळ पडलेला आखूड डिंक घ्यायचा असेल, तर एकच पाय आत टाका, शक्यतो उजवा. डावा लाइनच्या मागे नांगरासारखा ठेवा. उजवा गुडघा वाकवून, बॉल पुढे घेऊन, त्याच पायाने मागे ढकलत बाहेर या. दोन्ही पाय आत गेले की बाहेर यायला दोन पावलं लागतात आणि समोरचा त्याचीच वाट बघत असतो. आम्ही याला ‘ओट्याशी जाऊन आलो’ म्हणतो. दूध उतू जातंय, गॅस बंद केला, आलो. आत जाऊन तिथेच भाजी निवडत बसायचं नाही.

पाऊल पुढे टाकताना गुडघा बुटाच्या टोकाच्या दिशेतच वाकला पाहिजे. तो आत पडला तर गुडघ्याची वाट लागते. आणि नेटला पॅडल, हात, शर्ट काहीही लागलं तर गुण गेला, हे विसरू नका.

पायाशी पडणाऱ्या बॉलचं काय करायचं? मागे जायचं की वाकून उचलायचा?

आधी विचार करा, हवेत मिळेल का? लाइनजवळ असाल आणि हात पुढे नेऊन बॉल टप्प्याआधी घेता येत असेल, तर पाय हलवायचेच नाहीत.

नसेल मिळत, तर एक पाय मागे. सरळ पाठीमागे दोन्ही पायांनी सरकायचं नाही. बॉल उजव्या बाजूला असेल तर उजवा पाय तिरका मागे टाका, त्याने बॉलला उसळून खाली यायला जागा मिळते आणि तुम्ही तो समोर घेता. फटका झाला की तोच पाय परत लाइनशी. एक मागे, एक पुढे, बस. मागे गेलेला पाय तिथेच विसरणारे खूप आहेत. चार डिंकमध्ये ते चार वेळा अर्धं पाऊल मागे जातात आणि रॅलीच्या शेवटी लाइनपासून चार फूट दूर, पायाशी येणाऱ्या प्रत्येक बॉलवर चरफडत उभे असतात.

टप्पा पडता पडता, बॉल उसळायच्या आतच उचलणं हा शेवटचा उपाय. ते जमलं तर टाळ्या मिळतात. त्यावर खेळ बेतू नये.

डिंक चालू असताना डोक्यावरून लॉब आला तर?

तोंड नेटकडे ठेवून मागे मागे पळायचं नाही. हे मी ठळक अक्षरांत कोर्टच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे. या खेळात वयस्कर मंडळी सगळ्यात वाईट पडतात ती अशीच. टाच अडते, माणूस पाठीवर जातो, हात टेकतो आणि मनगट मोडतं, किंवा डोकं आपटतं.

लॉब दिसला की ज्या बाजूने बॉल जातोय, त्या बाजूचा पाय मागे वळवून टाका, अंग आडवं करा आणि नेहमीसारखं पुढे धावतो तसं, बॉलकडे बघत धावा. दुहेरीत बहुतेक वेळा तिरका पार्टनर तो जास्त सहज घेतो. ‘तुझा’ म्हणून ओरडा आणि बाजू बदला. पोचणं शक्य नसेल तर गुण सोडून द्या.

बॅडमिंटनची सवय मदत करते की अडचण?

दोन्ही. पायांची चपळाई आणि नेटजवळचा लांब पवित्रा, म्हणजे उजवा पाय पुढे टाकून खाली जाणं, हे बॅडमिंटनवाल्यांकडे आयतं असतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, बॅडमिंटनचं फूल (शटल) टप्पा घेत नाही, त्यामुळे ते पडायच्या आत गाठायची घाई अंगात मुरलेली असते. डिंकला टप्पा पडतो. इथे घाई केली तर बॉल वर येत असतानाच फटका बसतो आणि तो उठतो. मला स्वतःला ही खोड घालवायला अख्खा एक पावसाळा लागला. दोन, फटका मारला की कोर्टच्या मध्यावर परतायची सवय. पिकलबॉलमध्ये परतायचं ठिकाण मध्य नाही, किचनची लाइन आहे. जुने बॅडमिंटनपटू डिंक मारून मागे चार फूट गेलेले दिसतात ते याचमुळे.

टेबल टेनिसवाल्यांचा हात इतका चांगला असतो, की त्यांना पाय हलवायची गरजच वाटत नाही. टेबल पाच फूट रुंद, त्यात भागतं. इथे तुमच्या वाट्याला दहा फूट येतात. पहिले दोन महिने ते सगळ्यांना हरवतात, मग कुणीतरी त्यांना तिरकं खेळवायला लागतं.

पार्टनरबरोबर पाय कसे जुळवायचे?

दोघांच्या कमरेला सात-आठ फुटांची दोरी बांधली आहे असं समजा. पार्टनर कडेला खेचला गेला की तुम्हीही त्याच बाजूला सरका, म्हणजे मध्ये खिंडार पडत नाही. तुमची स्वतःची कड थोडी उघडी पडते, ती पडू द्या. तिकडे मारायला समोरच्याला सगळ्यात अवघड, सगळ्यात तिरका फटका लागतो.

नवरा-बायको जोडीने खेळत असतील तर ही दोरी हमखास तुटते. का ते मी विचारत नाही.

मधल्या बॉलला साधारणपणे ज्याचा फोरहँड मध्याकडे असतो तो जातो, पण खेळ सुरू व्हायच्या आधी हे बोलून घ्या. ‘तू घेशील वाटलं’ हे वाक्य मी आठवड्यातून निदान वीसदा ऐकते.

वय साठच्या पुढे, गुडघे कुरकुरतात. हे सगळं जमेल का?

जमतं. भारतात हा खेळ रुजवणाऱ्या सुनील वालावलकरांनी मुंबईत पॅडल आणून लोकांना शिकवायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. तेव्हापासून या खेळाने ज्येष्ठांना जवळ केलं आहे. तरुणांची गर्दी नंतर वाढली.

गुडघे दुखत असतील तर खोल वाकू नका. त्याऐवजी पाय अधिक रुंद ठेवा, उंची तेवढीच कमी होते आणि गुडघ्यावर ताण कमी येतो. हवेत घेता येईल तो बॉल हवेतच घ्या, म्हणजे खाली जावं लागत नाही. पावलं छोटी आणि जास्त टाका. एका लांब पावलापेक्षा तीन छोटी पावलं गुडघ्याला सोसतात. सुरुवातीला दहा मिनिटं पोटऱ्या आणि घोटे मोकळे करायलाच हवेत. गाडीतून उतरून थेट कोर्टवर गेलं की पोटरी धरते. दुखणं खेळून झाल्यावर दुसऱ्या दिवशीही राहत असेल, सूज येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. कोर्टवरच्या चार जणांचे चार सल्ले ऐकत बसू नका, त्यात माझाही आला.

कोणते शूज घ्यावेत? मॉर्निंग वॉकचे चालतील?

नकोत. धावायच्या शूजचा तळवा जाड, उंच आणि मऊ असतो, सरळ जाण्यासाठी केलेला. आडवं सरकताना पाय त्याच्यावरून कलंडतो. माझा घोटा असाच मुरगळला होता, आणि तोही शिकवताना, ‘असं सरकायचं’ म्हणून दाखवत असताना.

लाकडी किंवा मॅटच्या कोर्टसाठी बॅडमिंटनचे गम सोलवाले शूज उत्तम. सिमेंट किंवा रंग दिलेल्या बाहेरच्या कोर्टवर तोच मऊ सोल लवकर झिजतो, तिथे टेनिसचे शूज जास्त टिकतात. बोटांपुढे अर्धं नख जाईल एवढी जागा असावी, नाहीतर थांबताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

पावसाळ्यात उघड्या कोर्टवर ओल असेल तर खेळूच नका. कोपऱ्यात शेवाळ धरलेलं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतं.

तो उडी मारून किचनच्या बाहेरून मारायचा फटका शिकवाल का?

त्याला अर्नी म्हणतात, अर्नी पेरी नावाच्या खेळाडूवरून. किचनच्या कडेबाहेर, साइड लाइनच्या पलीकडे जाऊन तिथून हवेतला बॉल मारायचा. नियमात बसतो, कारण किचन जमिनीवर आहे, त्याच्या वरच्या हवेत नाही. शिकवेन, पण पकडापकडीत दहापैकी दहा आल्यावर.

पार्टनर नाही, कोर्टही रोज मिळत नाही. घरी काय करता येईल?

बैठकीतली फरशी मोजा. आता बऱ्याच घरांत दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतात. तशा असतील तर पाच टाइल्स म्हणजे दहा फूट, दुहेरीतला तुमचा वाटा. एक रेघ किचनची लाइन धरा. बूट घालून, हातात पॅडल नसलं तरी लाटणं किंवा रिमोट धरून, त्या पाच टाइल्समध्ये मधून उजवीकडे दोन पावलं सरका, थांबा, डिंक मारल्यासारखा हात हलवा, परत या. मग डावीकडे. मग एक पाय रेघेच्या पुढे टाकून लगेच मागे. चौथ्यांदा उजवा पाय तिरका मागे आणि परत रेघेशी. एक फेरी झाली. अर्धा मिनिट सलग, मग अर्धा मिनिट आराम, असं आठ वेळा. आरशासमोर केलंत तर कमरेतून वाकताय की गुडघ्यांतून, ते लगेच दिसेल.

भिंत मिळाली तर आणखी चांगलं. भिंतीवर जमिनीपासून ३४ इंचांवर टेपची पट्टी लावा, सात फुटांवर उभे राहा आणि पट्टीच्या किंचित वर हलक्या हाताने मारत राहा. बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे मुद्दाम पाठवा, म्हणजे पायांना काम मिळेल.

फोन खुर्चीवर टेकवून दोन मिनिटांचं चित्रीकरण करा आणि बघताना हाताकडे बघू नका. स्क्रीनचा वरचा अर्धा भाग तळव्याने झाका, फक्त कमरेखालचं बघा. फटक्याच्या क्षणी पाय थांबलेले आहेत की चालतायत, एवढंच मोजा.

हे सगळं रात्री नऊच्या आत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा वर येऊन विचारून गेल्या, की घरात कुणी लेझीम शिकतंय का. आता त्या सकाळच्या बॅचला येतात आणि त्यांच्या खालचे तक्रार करतात.